पाऊण कोस चाललेला आंबा

शालिकरामचा दिवस सूर्य उगवायला चार घटका उरल्या असताना सुरू व्हायचा. विहीर खोदणाऱ्याला तेवढ्या लवकर उठावंच लागतं. ऊन चढलं की खालचा दगड तापतो, आणि तापलेल्या दगडाशी झुंजताना हातातली ताकद पहारीत न उतरता घामात जाते. आधी तो दोरीला बांधून दिवा विहिरीत सोडायचा. दिवा तळाशी नीट जळत राहिला तर उतरायचं, मंदावला तर खाली हवा वाईट, थांबायचं. मग डोक्याला फडकं बांधून, पहार पाठीशी घेऊन, भिंतीत पाडलेल्या खाचांवर पाय ठेवत तो खाली जाई. न्याहारीची हाक येईपर्यंत चाळीस टोपली वर गेलेली असत. चाळीस म्हणजे चाळीस. अडतिसाला चाळीस म्हणणारा माणूस त्याने आपल्या हाताखाली कधी टिकू दिला नाही.

त्या साली खोदणाऱ्यांची चणचण होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद पडला होता, आणि वऱ्हाडच्या कापसाला कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला होता. अमरावतीच्या परकोटाबाहेर जिथे मोकळी जागा दिसेल तिथे वखार उभी राहत होती. रेल्वेच्या मातीकामाला माणसं अकोल्याकडे निघून गेली होती. उरलेल्यांत शालिकराम हा सगळ्यात जाणता. खुशालराव पाटलांनी आपल्या नव्या वखारीची विहीर त्यालाच दिली होती. मजुरी चांगली ठरली होती, आणि ती कशाला जाणार हेही ठरलं होतं. झोपडीवरचं गवत काढून मातीचे कवेलू घालायचे. जमुनेने, म्हणजे शालिकरामच्या बायकोने, किती कवेलू लागतील तेही काड्या मोडून मोजून ठेवलं होतं.

मार्गशीर्षात खुशालरावांनी वखारीची हद्द वाढवली. वाढलेल्या हद्दीत सहा झोपड्या येत होत्या, आणि त्यातली एक शालिकरामची. पाटील वाईट माणूस नव्हते. नाल्यापलीकडे त्यांची बरड जमीन पडून होती, कापूस तर सोडाच, तिथे कुसळंही धड उगवत नव्हती. ती त्यांनी सहा घरांना राहायला दिली. होळीच्या आत उठायचं, एवढीच अट.

पाच घरांना काही वाटलं नाही. झोपडी म्हणजे काय, बल्ल्या, गवत आणि बायकांनी सारवलेल्या कुडाच्या भिंती. एका गाडीत घर मावतं. पण शालिकरामच्या दारात आंबा होता.

सात वर्षांपूर्वी जमुना एलिचपूरला माहेरी गेली असताना तिने एक आंबा खाल्ला आणि त्याची कोय पदराला बांधून आणली. त्याच पावसाळ्यात दारात लावली. दुसऱ्या वर्षी बकरीने त्याचा शेंडा खाल्ला, तेव्हा जमुना दोन दिवस बकरीशी बोलली नव्हती. दूध काढायची, पण बोलायची नाही. रोप मात्र खालच्या डोळ्यातून, फांदी फुटते त्या गाठीतून, पुन्हा फुटलं. आता बुंधा मांडीएवढा झाला होता, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मोहर धरील अशी त्याची लक्षणं होती.

खुशालराव हद्दीची खुंटी ठोकायला आले तेव्हा आंब्याकडे बघून म्हणाले, "तोडून टाक शालिकराम. होळीले लाकूड होईल. नाई तरी पोट्टे चोरतीनच."

जमुना चुलीपाशी होती. पाटलांसमोर ती कधी बोलत नसे. ते गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "घर चालते. चूल चालते. बकरी तं आपल्या पायानं चालते. झाडालेच पाय काहून नाई दिले?"

शेजारचा चंद्रभान गाडीवान तिथेच चाकाला वंगण घालत बसला होता. त्याला विचारलं नव्हतं तरी त्याने सांगितलं. "अक्कल नाई म्हनून, वयनी. अक्कल असती तं वैशाखात असं उन्हात उभं राह्यलं असतं काय? सावलीत जाऊन नसतं बसलं?"

"ते सावलीत गेलं असतं तं तू कोनाच्या सावलीत बसला असता?" जमुना म्हणाली.

चंद्रभान हसला आणि वंगण लावू लागला. शालिकराम हसला नाही. त्याच्या डोक्यात जमुनेचा प्रश्न बसला होता. तो टोपली मोजणारा माणूस. उत्तर नसलेली गोष्ट त्याला रुतलेल्या काट्यासारखी वाटे.  जमुना रोज आंब्याला पाणी घाली आणि त्याच्या बुंध्यावरून हात फिरवी. सामान मात्र तिने बांधायला घेतलं नाही. शालिकरामला कळलं की घर उठेल, पण हिचं मन इथून उठणार नाही.

चार दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "चालवू."

"काय?"

"आंबा. पाय नाईत ना त्याले. आपन देऊ."

अमरावतीजवळ ताहेरमिया नावाचे बागवान होते. एलिचपूरच्या बागांमध्ये त्यांचे केस पिकले होते. शालिकरामने एकदा त्यांची विहीर खोदली होती, तेव्हापासूनची ओळख. ताहेरमिया आले, आंब्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर टिचकी मारली, आणि काम सांगितलं. ते काम ऐकून जमुनेचा चेहरा उतरला.

पौषात बुंध्यापासून दीड हातावर अर्धा गोल चर खोदायचा, आडवी आलेली मुळं धारदार कोयत्याने साफ तोडायची, आणि चर पुन्हा भरायचा. महिनाभर थांबायचं. तुटलेल्या मुळांना तोवर नवी केसासारखी मुळं फुटतात. मग माघात उरलेला अर्धा गोल. आणि फाल्गुनात झाड उचलायचं. मोहर आला तर खुडून टाकायचा. उचलायच्या आदल्या दिवशी निम्म्या फांद्या छाटायच्या.

"निम्म्या?" जमुना म्हणाली.

"खाली जेवढी तोंडं काटली, वर तेवढी पोटं काटावी लागतात, बेटी," ताहेरमिया म्हणाले. "नाई तं भुकेनं मरते."

शालिकरामला हा हिशेब लगेच पटला. हाताखालची माणसं निम्मी झाली तर कामही निम्मंच घ्यावं, नाही तर उरलेली आजारी पडतात.

सकाळी पाटलांची विहीर आणि दुपारनंतर आंब्याचा चर, असा क्रम सुरू झाला. चर खोदणं विहिरीपेक्षा जिकिरीचं होतं. विहिरीत पहार कशीही मारली तरी चालते. इथे प्रत्येक मूळ आधी हाताने मोकळं करावं लागे. दुपारभरात त्याची सहा-सात टोपली माती निघे, चाळीस टोपल्यांच्या माणसाला हे लाजिरवाणंच. पण या सहा टोपल्यांत त्याला जे दिसलं ते आजवरच्या हजारो टोपल्यांत दिसलं नव्हतं.

मुळं जाड होती तोवर ती नुसती दोरखंडं होती, झाडाला जमिनीशी बांधून ठेवणारी. पुढे ती बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी, आणि शेवटी इतकी बारीक की डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला ओलसर लागत. त्या टोकांना मातीचे कण असे चिकटले होते की ओढले तर टोक तुटे, पण कण सुटत नसे. पाणी पिणारी तोंडं ती. एक नाही, शंभर नाही. शालिकरामने एका वितीतली मोजायला घेतली आणि दोनशेपाशी सोडून दिली. मोजणी सोडून देण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

संध्याकाळी तो जमुनेजवळ बसला आणि तिला सांगू लागला. बकरीचं तोंड तिच्या पुढे असतं, ती ते बरोबर घेऊन चालते. झाडाची तोंडं जमिनीत गुंतलेली. त्याने एक पाऊल टाकायचं म्हटलं तर हजार तोंडं उपटावी लागतील, आणि पुढच्या जागी नवी फुटेपर्यंत उपाशी राहावं लागेल. दुसरं पाऊल टाकायला ते जगणारच नाही.

जमुनेला ते पटलं, पण तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, मग तोंडं जमिनीत घालायची कशाला, बकरीसारखी पुढे ठेवायची. हा प्रश्न तसाच राहिला.

माघात मोहर आला. फार नव्हता, चार फांद्यांना. जमुनेने तो स्वतःच्या हाताने खुडला, दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. खुडलेला मोहर तिने टाकला नाही, सुपात पसरून घरात ठेवला आणि दोन दिवस झोपडीत त्याचा वास राहिला.

त्याच सुमारास पाटलांच्या विहिरीत बावीस हातांवर एक मूळ लागलं. वर चाळीस पावलांवर एक जुना कडुनिंब होता, त्याचं. ते मूळ मुरमातून वाकडं-तिकडं येऊन एका फटीत शिरलं होतं, आणि त्या फटीतून ओल झिरपत होती. शालिकरामने फटीच्या रोखाने पहार लावली आणि दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. असं त्याने पूर्वीही पाहिलं होतं. मुळाच्या मागे जा, पाणी सापडतं, हे त्याच्या बापानेच त्याला शिकवलेलं. फरक एवढाच, की या वेळी त्याने वर येऊन निंबाकडे बराच वेळ पाहिलं. चंद्रभान ज्याला बिनअकलेचं म्हणत होता, त्याने चाळीस पावलांवरचं आणि बावीस हात खोल असलेलं पाणी अंधारात, डोळ्यांशिवाय शोधलं होतं. वेळ लावला एवढंच.

विहिरीची मजुरी मिळाली. पाटलांनी हात आखडला नाही. त्यातली निम्मी शालिकरामने बैलांसाठी काढली, कारण कापसाच्या हंगामात बैलजोडी मागणं म्हणजे चेष्टा नव्हती. एकेक जोडी दिवसाला एवढं भाडं कमावत होती की चंद्रभानसारखा शेजारीही फुकट देऊ शकत नव्हता. शालिकरामने त्याला तसं म्हटलंही नाही. जोड्या आठ लागणार होत्या. मुळांभोवतीचा मातीचा गोळा तीन हात रुंद आणि दोन हात खोल. त्याची किती टोपली होतात आणि एका टोपल्याचं वजन किती, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. सगळं मिळून सहा खंडीच्या आतबाहेर. आठ जोड्यांच्या खाली भागणार नव्हतं.

कुणी म्हणालं वेडा झाला. कुणी म्हणालं, एवढ्या पैशात हजारो कोयी येतील. जमुनाही एका रात्री म्हणाली की कवेलूंचं काय. तो म्हणाला, निम्मे पैसे आहेत, कवेलू पुढच्या साली.  सकाळी त्याने पाहिलं तर तिने सामान बांधायला घेतलं होतं.

होळीला चार दिवस राहिले होते. शालिकरामने आणि त्याच्या पाच माणसांनी गोळा चहूबाजूंनी मोकळा केला. वखारीतल्या कापूस दाबणाऱ्या गड्यांकडून त्याने गठाण आवळायची रीत पाहून घेतली होती. तरट भिजवून गोळ्याला गुंडाळलं आणि मोटेच्या नाड्याने उभं-आडवं आवळलं, अगदी कापसाच्या गठाणीसारखं. खालून बाभळीचे ओंडके सरकवले. खड्ड्याची एक बाजू उतरती खोदून वाट केली. हे दोन-चार वाक्यांत सांगता येतं, पण यात सहा माणसांचे दोन दिवस गेले, आणि एकाचं बोट चेंगरलं. बोट शालिकरामचंच.

तिसऱ्या दिवशी, सूर्य उगवायला चार घटका असताना, सोळा बैल जुंपले गेले.

पहिला हिसका बसला तेव्हा गोळा हललाच नाही. दुसऱ्या वेळी नाडा करकरला. तिसऱ्या वेळी आठही गाडीवानांनी एकाच दमात हाळी दिली आणि आंबा वीतभर पुढे सरकला. सात वर्षांत पहिल्यांदा. जमुनेने तोंडाला पदर लावला. मग तो खड्ड्यातून वर आला, ओंडक्यांवर बसला, आणि छाटून उरलेल्या फांद्या डोलवत रस्त्याला लागला.

रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती, बाजाराकडे जाणारी. समोरून झाड येताना पाहून पहिल्या गाडीचे बैल थबकले. मग दुसरीचे. थोड्याच वेळात पन्नास गाड्या उभ्या राहिल्या आणि गाडीवान खाली उतरून बघू लागले. कुणी विचारलं, काय गा, सासरी चालला काय हा आंबा? चंद्रभानने पुढून ओरडून सांगितलं की नाही, जमुनावयनीच्या माहेरचा आहे, आता नवं घर करून राहिला. मग कुणी ओंडका सरकवायला हात दिला, कुणी चाबूक वाजवला. मागचे ओंडके उचलून पुढे टाकायचे, पुन्हा मागचे पुढे, हे काम चार माणसांचं होतं, तिथे वीस लागली. पाऊण कोस. आणि त्या पाऊण कोसात ज्याचा भाव क्षणाक्षणाला वाढत होता त्या कापसाच्या गाड्या एका आंब्यासाठी बाजूला झाल्या.

नाल्याच्या उतारावर मात्र नाडा सुटला. गोळा कलंडला आणि आंबा एका बाजूला झुकला. आतली माती फुटली असती तर सगळे कष्ट तिथेच संपले असते. चौदा माणसं आपापला खांदा देऊन उभी राहिली. चंद्रभानने दुसरा नाडा टाकेपर्यंत एकही हलला नाही. त्यांच्या माना लाल झाल्या, पाय नाल्याच्या वाळूत घोट्यापर्यंत रुतले. तेव्हा जमुना पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हा जगला तं याचं पयलं फळ तुमीच खान. समदे. घरच्या मानसायसकट."

नाडा आवळला गेला. दुपार कलायच्या आत आंबा बरडावर उभा होता.

त्या दिवशी जमुनेने चौऱ्याऐंशी भाकरी थापल्या. सोळा बैलांनी सत्तर पेंड्या कडबा खाल्ला. संध्याकाळी शालिकराम पाठ टेकून बसला आणि त्याला जमुनेच्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी भाकरी अन् सत्तर पेंड्या, पाऊन कोसाले. हा सात वर्सं उभा होता, त्याले एक भाकर लागली काय? उन्हात उभं राह्यलं, पानी पेलं, झालं याचं जेवन. ज्याचं जेवन दारात येते तो कायले चालीन? आपल्याले भाकर शोधाव लागते म्हनून चालतो, अन् चालतो म्हनून अजून भाकर लागते."

ताहेरमिया तिथे बसून भाकर खात होते. त्यांनी त्यात आपली भर घातली. ते म्हणाले, चालणाऱ्याला पुढे खड्डा आहे की वाघ हे बघावं लागतं, म्हणून त्याला डोळे लागतात, आणि डोळ्यांनी पाहिलेलं समजायला डोकं. झाड पळून जाऊ शकत नाही, त्याने एकच डोकं शेंड्यात ठेवलं असतं तर काय झालं असतं?

"बकरीनं खाल्लं असतं," जमुना म्हणाली.

"खाल्लं ना. फिर भी हा जिंदा है. याची अक्कल एका जागी नाई, फांदीच्या प्रत्येक डोळ्यात थोडी थोडी ठेवली. कितनी खायेगी बकरी?"

चंद्रभान बकरीकडे बघून म्हणाला की मग आपलंच चुकलं, एका डोक्यावर विसंबून राहिलो. तेवढ्यावर सगळे हसले आणि उठले.

पण शालिकरामने एक चूक केली होती, आणि ती ताहेरमियांना सांगितली नव्हती. बरडावर खोदलेल्या खड्ड्यात मुरूम होता, भाजलेल्या विटेसारखा. जमुनेच्या आंब्याला असल्या मातीत ठेवायचं म्हणजे पाहुण्याला फाटक्या तरटावर बसवण्यासारखं त्याला वाटलं. म्हणून आधीच त्याने पाटलांच्या शेतातली काळी माती आणली होती. काळीभोर, हाताला लोण्यासारखी, जिच्यात त्या वर्षी कापूस नव्हे तर सोनं पिकत होतं. नव्वद टोपली. डोक्यावरून. गोळ्याभोवतीचा सगळा खड्डा त्याने त्या मातीने भरला. वऱ्हाडात कुणालाही विचारा, चांगली माती कोणती. दुसरं उत्तर मिळणार नाही.

चैत्रभर आंबा ठीक होता. वैशाखात काळी सुकली आणि आक्रसली. मुरमाच्या कडेपासून सुटली, आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. पानं कडेने करपू लागली. जमुना नाल्यातल्या झऱ्यावरून दिवसाला बारा घागरी पाणी आणी. भेगा दोन दिवस मिटत आणि पुन्हा उघडत. पानं गळायला लागली. बारा घागरींच्या तिने अठरा केल्या. शालिकरामने तिला अडवलं नाही, पण ज्या दिवशी शेवटची फांदी उघडी पडली त्या दिवशी कामावर न जाता तो सरळ ताहेरमियांकडे गेला.

म्हातारा आला, भेगेत बोट घातलं, आणि आतून तुटलेलं केसाएवढं एक मूळ काढून शालिकरामच्या तळहातावर ठेवलं. दोरा ताणून तोडावा तसं तुटलं होतं ते.

"नव्वद टोपली तू याले मारासाठी वाहून आनली काय, शालिकभाऊ? ही पऱ्हाटीची माती, कापसाची. पऱ्हाटी वैशाखाच्या आत मरून जाते, तिले भेगीचं काय. हा कुठं उगवला होता?"

"पांढरीत," शालिकराम म्हणाला, आणि त्याला सगळं समजलं. गावठाणाची भुरी, मुरमाड माती. सात वर्षं त्याची मुळं तिच्यात सुखाने पसरली होती. पाय नसलेल्याला जागा आवडली नाही तर तो उठून जाऊ शकत नाही. त्याला आणून बसवणाऱ्यानेच बघावं लागतं की तो कुठला आहे.

चिडायला वेळ नव्हता. त्या संध्याकाळपासून त्याने नव्वद टोपली काळी बाहेर काढली. भरताना लागली त्याच्या तिप्पट दिवस लागले, कारण आता तीत जिवंत मुळं होती. तिच्या जागी मुरूम, जुन्या झोपडीजवळची पांढरी, शेणखत आणि पालापाचोळा. वर जमुनेने गवत पसरलं आणि चार घागरी पाणी घातलं. चारच. काढलेली काळी तो पाटलांच्या शेतात परत टाकून आला. खुशालरावांनी बांधावरून पाहिलं आणि विचारलं की नेली कशाला आणि आणली कशाला. शालिकराम म्हणाला, मानवली नाही. पाटलांना ते काही केल्या समजलं नाही. वऱ्हाडची काळी कुणाला मानवत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

पंधरा दिवस आंबा नुसता काठीसारखा उभा होता. जमुना रोज सकाळी नखाने साल किंचित खरवडून पाही. हिरवी असे. मृगाच्या आधी एका सकाळी, शालिकराम दिवा आणि दोरी घेऊन कामावर निघाला असताना, तिने त्याला हाक मारली. एका उघड्या फांदीवर, बोटभर, तांबडी कोवळी पालवी आली होती. सूर्य अजून उगवला नव्हता, त्यामुळे ती नीट दिसत नव्हती. दोघांनी विहिरीचा तो दिवा लावला आणि त्याच्या उजेडात पाहिली. त्या दिवशी शालिकराम कामावर उशिरा पोचला. कारण विचारलं तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं.

तिसऱ्या वर्षी आंबा धरला. तोवर तिकडची लढाई संपली होती, कापसाचा भाव उतरला होता, आणि पाटलांच्या वखारीत चिमण्यांनी घरटी केली होती. रेल्वे मात्र आली होती. विहिरीची उरलेली मजुरी जमुनेकडे तशीच ठेवलेली होती, कारण दर वर्षी कवेलू घ्यायचे ठरत आणि दर वर्षी काही तरी निघे.

झाडाला एकवीस कैऱ्या लागल्या. वाऱ्याने बारा गेल्या. राहिले नऊ आंबे.

आणि जमुनेने शब्द दिला होता चौदा माणसांना, घरच्या माणसांसकट. तिने मोजलं तेव्हा तोंडं बेचाळीस झाली. शालिकराम म्हणाला, पुढच्या वर्षी बोलावू. जमुना म्हणाली, पहिलं फळ म्हटलं होतं, दुसरं नव्हे. आणि मग त्या नवांतला एक आंबा हातात घेऊन, त्याचा वास घेत ती जे बोलली ते शालिकरामने पुढे आयुष्यभर लोकांना सांगितलं.

"तुमी म्हनता झाड चालत नाई. हा एलिचपूरहून इथं आला तं कसा आला? माह्या पदरात बसून आला. कोय आनाले मजूर कोन, तं मी. अन् मजुरी काय, तं हा गर. पऱ्हाटी बी तसंच करते, सरकीले लुगडं नेसवते अन् वाऱ्याच्या हवाली करते. झाड सोता चालत नाई. मजूर लावते."

 चार घटका रात्र असताना उठणाऱ्या, चाळीस टोपली वाहणाऱ्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं शालिकरामला वाटलं. मग त्याने विचारलं की याने मजूर लावले बेचाळीस आणि गर नऊचाच, हे कसं व्हायचं.

"लहान हाय तो अजून," जमुना म्हणाली. "कमी पडलं तं घरच्यायनं घालाव लागते."

तिने मजुरीचं गाठोडं त्याच्या पुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शालिकराम अमरावतीच्या बाजारात गेला आणि एलिचपूरकडचे आंबे, दोन डाल्या, विकत घेतले. ज्याच्या दारात आंबा त्याने आंबे विकत घेतले, हे बघून चंद्रभानने त्याला वाटेत अडवून नीट हसून घेतलं, आणि मग एक डाली स्वतःच्या गाडीत घातली. भाडं घेतलं नाही. जमुनेने आपले नऊ आंबे त्या ढिगात मिसळले. कुठला कुठला ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि थोड्या वेळाने तिलाही सांगता आलं नसतं. बेचाळीस माणसं छाटून पुन्हा फुटलेल्या त्या आंब्याखाली बसली. सावली सगळ्यांना पुरली नाही, म्हणून आळीपाळीने बसली. खुशालराव पाटील बोलावल्याशिवाय आले, शेवटच्या पंगतीत बसले, आणि म्हणाले की हा रस काळीतल्याच आंब्याचा असणार. कुणीही त्यांची चूक काढली नाही.

जाताना जमुनेने प्रत्येकाच्या हातात एक कोय दिली.

झोपडीवर गवतच राहिलं. विहिरीची सगळी मजुरी, निम्मी आठ बैलजोड्यांत आणि निम्मी आंब्यांच्या दोन डाल्यांत, अशी संपली.